भाऊ, अजून थोडं तिरपं

नंदुरबारात सरळ उभं राहिलेलं अक्षर पाहायचं असेल तर रेल्वे स्टेशनावर जावं. पिवळ्या पाटीवर काळ्या रंगात ठसठशीत 'नंदुरबार' लिहिलंय. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्या त्याच्या नाकासमोरून धडधडत जातात, पण ते अक्षर सावधान स्थितीत उभं. तिथून बाहेर पडून नेहरू पुतळ्याकडे निघालं की अक्षरं हळूहळू उजवीकडे कलायला लागतात आणि धुळे चौफुली येईस्तोवर एकही अक्षर ताळ्यावर नसतं. म्हणजे जिथे खरोखर काहीतरी धावतं तिथलं अक्षर उभं, आणि ज्या चौकात एक ट्रॅक्टर, दोन ॲपे रिक्षा आणि एक बैल एकमेकांकडे बघत जागच्या जागी थांबलेत, तिथलं अक्षर ताशी ऐंशीच्या वेगात.

ही चौकातली अक्षरं अर्थातच फ्लेक्सवरची. जाड, दोन्ही बाजूंनी चेपलेली आणि पुढे झुकलेली. पुण्या-मुंबईचे जाणकार अशा वळणाला 'बोल्ड कंडेन्स्ड इटालिक' म्हणतात आणि त्यावर चर्चासत्रं घेतात. आमच्याकडे त्याला वेगळं नाव नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन सांगतं, "बॅनरवर असतं ना, तसं लिही." इतकं पुरतं. पाण्याला कोणी 'ओलं पाणी' म्हणत नाही.

मला या अक्षराबद्दल बरीच वर्षं कुतूहल होतं. एकाच अक्षराने जाडही व्हायचं, बारीकही व्हायचं आणि वर पळायचंही, हा छळ कोणी आणि कशासाठी चालवलाय? मग एका फ्लेक्सच्या दुकानात बसायची सवय लागली. दुकान म्हणजे दहा बाय दहाचा गाळा, एक कूलर, एक संगणक आणि डिझायनर भाऊ. ज्याचा वाढदिवस तो कधीच येत नाही. येतात त्याचे चार मित्र, तेही रात्री नऊनंतर, आणि बॅनर सकाळी सातच्या आत चौकात लागलेलं हवं असतं. मजकुराला तिथे 'मॅटर' म्हणतात. मॅटर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेलं असतं, मागून जनरेटरचा आवाज. "लिही, दमदार, दिलदार, दानशूर, कार्यसम्राट..." भाऊ ऐकत नाही, नुसतं टाईप करतो. हे मॅटर त्याला पाठ आहे. फक्त नाव बदलायचं असतं.

आता अक्षर कसं घडतं ते जवळून बघा. भाऊ कोरल ड्रॉ उघडतो. त्यात श्रीलिपीचा फॉन्ट लावतो. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. महाराष्ट्रातली अर्धीअधिक लग्नं, बारशी आणि राजकारण हिच्यावर चालतं. यातल्या फॉन्टांना नावं नाहीत, नंबर आहेत. "सातशे चौदा लावू का?" असं भाऊ विचारतो, डॉक्टरने गोळीची पॉवर विचारावी तसं. (हाच सातशे चौदा ॲपलच्या मॅक संगणकातही बसवलेला येतो, हे मी भाऊला सांगितलं. तो म्हणाला, "पैसे दिले असतील ना त्यांनी?") तसं अक्षरांना नंबर असण्यात नवल नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला दिला गेला. माणसांना नंबर द्यायची सुरुवात जिथून झाली तिथे अक्षराने नावाचा हट्ट धरणं बरं नव्हे.

तर सातशे चौदा सरळ, सुस्वभावी, मध्यम बांध्याचं अक्षर. भाऊ त्याला माऊसने पकडतो. एकदा टिचकी मारली की अक्षराभोवती काळे ठिपके येतात. उजवीकडचा ठिपका धरून तो आत ढकलतो. अक्षर चेपतं. पुन्हा टिचकी मारली की ठिपक्यांचे बाण होतात. वरचा मधला बाण धरून उजवीकडे ओढला की अक्षर कलतं. मग एक पांढरी आउटलाइन, तिच्यावर काळी आउटलाइन, तिच्यावर लाल, आणि खाली सावली. सगळं मिळून दीड मिनिट. गिऱ्हाईक खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभं असतं. "भो, आखो जाड कर ना." भाऊ आणखी एक आउटलाइन देतो. "अजून थोडं तिरपं." भाऊ बाण ओढतो. "बस?" "अजून थोडं."

टंकरचनाकार मंडळी इथे कपाळावर हात मारून घेतात, आणि त्यांचं चुकत नाही. खरा चिंचोळा फॉन्ट मुळातून तसा आखावा लागतो. सरळ अक्षर बाजूने दाबलं की त्याचे उभे दांडे बारीक होतात आणि आडवी शिरोरेघ होती तितकीच जाड राहते. काना काडीसारखा, डोक्यावर मात्र तुळई. देवनागरीत आधीच वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पायमोडी जोडाक्षरं, अशी तिमजली वस्ती. तिला बाजूने दाबलं की माणसं गच्चीवर चढतात. 'हार्दिक'मधला रफार आणि पहिली वेलांटी एकमेकांच्या मांडीवर बसतात. 'श्रद्धा'मधला द्ध तर कोणालाच दिसलेला नाही, सगळे श्रद्धेनेच वाचतात.

त्यात जाडी. आउटलाइन बाहेरच्या बाजूला वाढते तशी आतल्या बाजूलाही वाढते, आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांच्यातला फरक मुळातच एका गाठीचा, एका वळणाचा. तो फरक फ्लेक्सवर मिटतो. धडगाव आणि घडगाव एकच. 'भावी' लिहिलं तर 'मावी' दिसतं. त्या मानाने खचं दुखणं जुनं. मोकळ्या तोंडाचा ख म्हणजे र आणि व शेजारी शेजारी. म्हणून लिपीसुधारणेत त्याचे पाय खाली जोडून घेतले. पण चेपाचेपीत कसले पाय आणि कसलं जोडणं! नवापूर तालुक्यातलं खांडबारा 'रवांडबारा' होतं, अक्कलकुव्याकडचं खापर 'रवापर' होतं. आणि उलटही होतं. विसरवाडीतले र आणि वा दाबून जवळ आणले की वाचणारा बिनदिक्कत 'विसखाडी' वाचतो. तिथल्या एका उत्साही मंडळाच्या बॅनरवर मी हे नाव वाचलं, तेव्हा क्षणभर तापीला नवी खाडी फुटली असं वाटलं.

चूक दाखवली तर दुरुस्त होते का? नाही. त्याचंही कारण तांत्रिक आहे. डिझाइन नंदुरबारात होतं, मोठी छपाई कधी धुळ्याला, कधी सुरतेला. तिथल्या संगणकात हा फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी चिन्हांचा लगदा येतो. म्हणून फाईल पाठवण्याआधी सगळी अक्षरं 'कर्व्ह' करतात, म्हणजे अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होतं. मग त्यात र्‍हस्वाचं दीर्घ करता येत नाही. "अभिष्टचिंतनातला भि दीर्घ हवा," असं मी एकदा भीत भीत म्हणालो. भाऊ शांतपणे म्हणाला, "कर्व्ह झालंय आता." ज्या सुरात गावाकडे "देवाची मर्जी" म्हणतात त्याच सुरात.

यावर उपाय निघालेला नाही असं नाही. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीने 'खंड' आणि 'टेको' असे दोन चांगले चिंचोळे देवनागरी फॉन्ट काढले. २०१४ पासून ते गुगलवर फुकट आहेत. नीट आखलेले, दाट लावले तरी श्वास घेणारे. मुंबईच्या एक टाईपने 'मोदक' नावाचा इतका जाड फॉन्ट केला की त्याच्या पोटात जागा नावाला उरलीय, पण ती जिथे हवी तिथेच उरलीय. मी मोठ्या उत्साहाने हे भाऊला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "युनिकोड ना? आपलं कोरल जुनं आहे. त्यात वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते." बरं, अक्षर दाबून चिंचोळं करायची सोय एका टिचकीत असताना मुळातून चिंचोळं अक्षर शोधत कशाला बसायचं, हा त्याचा प्रश्न व्यवहाराला धरून होता.

चेपणं का आलं, याचं खरं उत्तर मात्र टंकशास्त्रात नाही, महसूल खात्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. जिल्हा झाला म्हणजे जिल्हाधिकारी आले, जिल्हा परिषद आली, आणि प्रत्येक पक्षाचा, सेनेचा, समितीचा, क्रीडा मंडळाचा आणि भजनी मंडळाचा जिल्हाध्यक्ष आला. जिल्हाध्यक्ष एकटा कसा राहील? कार्याध्यक्ष आले, चार उपाध्यक्ष आले, सरचिटणीस, संघटक, प्रसिद्धीप्रमुख आले. तालुके सहा: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव. म्हणजे हे सगळं गुणिले सहा. या सगळ्यांची नावं एका फ्लेक्सवर. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर. नावं वाढली तरी फूट वाढवायला कोणी तयार नाही. मग अक्षराने अंग चोरावं नाही तर काय करावं?

आणि नाव गाळता येत नाही, ही मेख. शुभेच्छुकांत राहून गेलेलं एक नाव पुढच्या निवडणुकीत दीडशे मतांना पडतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. वरच्या ओळीत राष्ट्रीय नेते, गोल चौकटीत. त्याखाली राज्याचे नेते, जरा मोठे. मग जिल्ह्याचे, आणखी मोठे. मध्यभागी वाढदिवसाचा धनी, कमरेवर हात, काळा चष्मा, पाठीमागे सूर्यकिरण आणि सिंह. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, आठवीच्या वर्गाच्या गुणपत्रिकेसारखे ओळीने. एकदा एक पोरगा तासभर भाऊच्या डोक्यावर उभा होता. "मन्हा फोटो धाकला कसा दिखस?" भाऊने फुटपट्टी लावून दाखवली, सगळे फोटो सारखेच. पोराचं समाधान झालं नाही. शेवटी भाऊने त्याचं नाव बाकीच्यांपेक्षा दोन अंश जास्त तिरपं केलं. पोरगा खूश होऊन चहा पाजून गेला.

दोन अंश! तिरपेपणाची ही किंमत मला त्या दिवशी कळली.

वास्तविक तिरप्या अक्षराचा जन्मही काटकसरीतलाच, असं म्हणतात. व्हेनिसच्या आल्डस मॅनुशियसने १५०१ साली व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक काढलं, त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोकडून हातवळणाचं, झुकतं अक्षर कोरून घेतलं. तेव्हा अख्खं पुस्तक त्यात छापत. तिरपं म्हणजे ठासून सांगितलेलं, ही समजूत मागाहूनची. पुढे १८१६ साली लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लनने अक्षरांच्या टोकांची फुलं खुडून टाकली आणि नुसते दांडे ठेवले. शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक कंपनीसाठी जेफ्री ली यांनी १९६५ साली 'इम्पॅक्ट' नावाचं अक्षर केलं. दिलेल्या जागेत कागदावर जास्तीत जास्त शाई कशी बसेल, एवढाच त्यात विचार. म्हणजे विषय सगळा चौरस फुटाचाच. शेफील्डात काय, शहाद्यात काय, जागा कमी आणि सांगायचं फार.

आपल्याकडे तिरपेपणा होता, पण तो बाळबोधीत नव्हता. तो मोडीत होता. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायचा आणि मग हात न उचलता अक्षरं त्यांना टांगत जायचा. घोडेस्वार बाहेर खोळंबलेला, हुकूम जायचा, तेव्हा अक्षर धावणारच. ती घाई खरी होती. पोथीतली बाळबोध अक्षरं मात्र मांडी घालून बसलेली, कारण पोथीला कुठे जायचं नव्हतं. आता बरोबर उलटं झालंय. कारकुनाचं अक्षर संगणकात गेलं आणि ताठ झालं. जिल्हाधिकारी कार्यालयातून येणारं पत्र बहुधा 'मंगल'मध्ये असतं. र. कृ. जोशींसारख्या मोठ्या सुलेखनकाराने मायक्रोसॉफ्टसाठी केलेलं ते अक्षर. सहा महिने उशिरा आलेल्या पत्रातही ते अगदी निवांत उभं असतं. आणि ज्या वाढदिवसाची तारीख जन्मापासून ठाऊक आहे, त्याच्या शुभेच्छा मात्र धापा टाकत येतात.

मधल्या काळात पेंटर होते. फ्लेक्सच्या आधीच्या नंदुरबारात पाटी रंगवून घ्यायची तर पेंटरला आठ दिवस आधी गाठावं लागे. तो आधी निळीत बुडवलेलं सूत मारून दोन रेघा घ्यायचा, मग खडूने अक्षरांचा अंदाज, मग पट्टी ब्रश. त्याचंही अक्षर कधी कधी तिरपं असायचं. पण ते मनगटातून आलेलं असायचं, आणि तिरपं केल्यावर कुठला दांडा जाड ठेवायचा हे त्याच्या ब्रशला कळायचं. दुकानाचं नाव शेवटाकडे जागा संपल्यामुळे चेपलं जायचं ते वेगळं. 'किराणा भां' ऐसपैस आणि 'डार' दारामागे लपलेलं. खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव मात्र हमखास तिरपं आणि झोकदार, कारण तिथे गिऱ्हाइकाची लुडबुड नसायची. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी अशा रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट करायचा खटाटोप केला. आपल्याकडच्या पेंटरांची वळणं बहुतेक पहिल्याच पावसात भिंतीवरून ओघळून गेली.

या विषयात महाराष्ट्राचा खरा उस्ताद म्हणजे कमल शेडगे (१९३५–२०२०). वर्तमानपत्रात नाटकाच्या जाहिरातीला मिळणारी जागा चिंचोळी, तिच्यात नाटकाचं नाव, आणि ते पाहूनच नाटक रडकं की हसरं हे कळलं पाहिजे. शेडगे प्रत्येक नाव हाताने नव्याने काढायचे. त्यांनीही अक्षरं चेपली, कलवली, जाड केली. पण त्यांचं तिरपं अक्षर का तिरपं आहे याला उत्तर असायचं. भाऊच्या दुकानात या प्रश्नाचं उत्तर एकच: गिऱ्हाइकाने सांगितलं.

तसं एका ठिकाणी आमच्या जिल्ह्यात तिरप्या अक्षराला पूर्ण हक्क आहे, असं माझं मत आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा मोठा बाजार. तिथल्या बॅनरवर घोडा मान वळवून चारही पाय हवेत टाकतो, आणि त्याच्या शेजारी अक्षर उजवीकडे कललेलं असेल तर ते शोभतं. घोड्याच्या शेजारी ताठ उभं राहणाऱ्याला लाथ बसायची. पण 'शांततेत योग शिबिर' हे शब्द त्याच वेगाने का पळतात? 'मूळव्याध, भगंदर, फिशर' या पाटीवरचं अक्षर इतकं पुढे झुकलेलं का? (या दुसऱ्या बाबतीत कदाचित बसता येत नसेल, हे मान्य.) 'वाहने सावकाश चालवा' हा फलकही मी तिरप्या, चेपलेल्या अक्षरात पाहिलाय. तो वाचायला वेग कमी करावा लागतो, एवढंच काय ते त्याचं यश.

हा सोस गाड्यांवरही उतरलाय. आमच्या जिल्ह्याचा नंबर एमएच एकोणचाळीस. नियमाप्रमाणे नंबर साध्या, सरळ आकड्यांत हवा. पण दोनशे चौदा हा आकडा मिळाला की दोनचा र, एकचा काना आणि चारचा म करून 'राम' लिहिला जातो, चार हजार नऊशे बाराचा 'पवार' होतो, आणि ऐंशी पंचावन्न मिळवण्यासाठी माणसं जादा पैसे भरून 'बॉस' होतात. हे सगळं करायचं तर आकडा वाकवावा, दाबावा, कलवावा लागतो, म्हणजे पुन्हा तोच उद्योग. सरकारने आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणून हे बंद केलंय. त्या प्लेटवरचे आकडे ताठ आहेत. मात्र नीट निरखून बघा, आकड्यांवरच्या चकचकीत पट्टीत 'इंडिया' असं बारीक लिहिलेलं असतं, आणि नियमानेच ते पंचेचाळीस अंशांत तिरपं असतं. मी हे दाखवलं तेव्हा भाऊच्या डोळ्यांत आलेली चमक विसरता येणार नाही. "बघा! दिल्लीवाल्यांनी पण केलं ना शेवटी."

नवापूरला तर ही गंमत दोन लिप्यांत बघायला मिळते. तिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे, आणि सीमारेघ एका बाकाच्या मधोमध, त्यामुळे नवराबायको शेजारी बसूनही परराज्यात असू शकतात. गावात एकाच बॅनरवर मराठी आणि गुजराती मजकूर असतो. दोघांनाही सारखंच चेपून सारखंच कलवलेलं. पण गुजरातीने शिरोरेघ कधीच सोडून दिली, त्यामुळे तिची अक्षरं वाऱ्यावर डुलणाऱ्या लव्हाळ्यागत सहज झुकतात. मराठी अक्षर झुकतं तेव्हा त्याची डोक्यावरची रेघ आडवीच राहते. वरून बांधलेलं, खालून ओढलेलं. एसटीत दांडीला लोंबकळणारा प्रवासी ब्रेक लागल्यावर दिसतो तसं. माझ्या मते तिरपी देवनागरी डोळ्याला टोचते ती इथेच, आणि चांगले टंकरचनाकार ती करताना दहादा विचार करतात तेही याचसाठी.

कायदा या बाबतीत मूग गिळून आहे. पाट्या मराठीत हव्यात, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको, असं राज्याचा २०२२ चा दुरुस्ती कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ ला दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदतही दिली होती. राज्य शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा असावा हेही ठरवून दिलं. पण कोणत्याही कागदात अक्षर किती अंशांपर्यंत कलावं याची मर्यादा नाही. फ्लेक्स विनापरवाना लावू नये, असं मात्र १९९५ चा विद्रुपीकरणाचा कायदा सांगतो आणि उच्च न्यायालयही वेळोवेळी बजावतं. त्यानंतर नगरपालिकेची गाडी येते, फ्लेक्स उतरवते. त्या गाडीवर 'अतिक्रमण विरोधी पथक' कुठल्या अक्षरात लिहिलेलं असतं ते सांगायला नको.

उतरवलेला फ्लेक्स वाया जात नाही. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या भोवती पथाऱ्यांवर मैलभर लाल गालिचा पसरतो, आणि अवकाळी ढग आले की मिळेल ते झाकायला धावपळ होते. त्यात ताडपत्रीबरोबर फ्लेक्सही निघतात. ओल्या मिरचीवर एक कार्यसम्राट उताणे पडलेले मी पाहिलेत. जनतेसाठी ठसका सोसणारा असा दुसरा नेता नसेल. वर सातपुड्यात, तोरणमाळ-धडगावकडे चढत गेलं की पाड्यांवर हेच फ्लेक्स कुडाच्या छपरावर दिसतात, दगड ठेवून दाबलेले. दहा वर्षांपूर्वी पक्क्या घराचं वचन देणाऱ्याने निदान हे एक छप्पर तरी दिलं. अशाच एका पडवीत बसलो होतो. ऊन वर आलं आणि छपरातून अक्षरं आरपार दिसायला लागली. आतून बघितलं की सगळं उलटं दिसतं. 'विकासाची घोडदौड' हे शब्द त्यामुळे डावीकडे कलले होते. पूर्ण वेगात, मागे मागे.

या सगळ्या धावाधावीवर पाच वर्षांतून एकदा पाणी पडतं. मतदान यंत्रावरच्या कागदावर प्रत्येक उमेदवाराचं नाव एकाच वळणात, एकाच आकारात, सरळ छापलेलं असतं. कार्यसम्राट नाही, सिंह नाही, आउटलाइन नाही. आपल्या उमेदवाराला असा उघडाबोडका बघून कार्यकर्त्याचा जीव कळवळतो. एकाने भाऊला येऊन गंभीरपणे विचारलं होतं, "यंत्रावरचं नाव जरा बोल्ड करता येईल का? ओळख आहे तुझी कोणाची?"

भाऊचा स्वतःचा एक नियम मात्र आहे: श्रद्धांजलीचं बॅनर तिरपं करायचं नाही. फोटोला हार, दोन समया, मागे ढग आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' सरळ, बारीक अक्षरात. गेलेला माणूस आता कुठे घाईत आहे, असं त्याचं म्हणणं. गेल्या वर्षी तालुक्यातले एक वजनदार पुढारी वारले, तेव्हा त्याने हा नियम मोठ्या निग्रहाने पाळला. वरचा भाग झाला आणि मग खाली 'शोकाकुल' लिहिण्याची वेळ आली. नावं साठ. त्यामुळे चेपावी लागली. चेपल्यावर दिसेनात, म्हणून जाड करावी लागली. जाड केल्यावर एकमेकांत घुसली, म्हणून पिवळी आउटलाइन द्यावी लागली. मित्रमंडळी मागे उभी होतीच. एक जण म्हणाला, साहेबांनी आयुष्यात कधी थांबणं माहीत करून घेतलं नाही, आपलीही नावं अशी मुडद्यासारखी उभी नकोत. भाऊने एकवार माझ्याकडे पाहिलं आणि वरचा मधला बाण धरला.

फाईल कर्व्ह करून सुरतेला गेली. दुसऱ्या दिवशी बॅनर चौकात लागलं: वर हात जोडून शांत बसलेले पुढारी आणि त्यांच्या पायाशी उजवीकडे मुसंडी मारून निघालेले साठ शोकाकुल. दहा वाजता भाऊचा फोन वाजला. पलीकडचा आवाज दाटलेला होता. भाऊने सांत्वनाचे दोन शब्द काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून प्रश्न आला, "भो, शोकाकुलमा मन्हं नाव दुसरी ओळमा कसं काय?"